मी, आम्ही आणि आपण



वारकरी सज्जनहो, काकड्यापासून शेजारतीपर्यंत आपल्या मुखातून संतांचे जे अभंग जातात, त्यांत 'मी', 'माझे', 'मज', 'आम्ही' हे शब्द किती वेळा येतात याची गणती कोणी केली नसेल. करण्याचे कारणही नाही. टाळावर हात पडला की चाल पुढे चालते. पण कधी तरी चाल थांबल्यावर एक शंका मनात यावी, आणि ती यावी म्हणूनच हा पाठ लिहीत आहे. शंका अशी. तुकोबारायांनी देवापुढे आपल्या पतितपणाची कबुली दिली, ती 'मी' म्हणून दिली. तोच अभंग आज विरारच्या मंदिरात शंभर माणसे एका सुरात म्हणतात. आता त्या अभंगातला 'मी' कोण? तुकोबा की म्हणणारा? तुकोबा म्हणावे तर म्हणणाऱ्याला त्याचे काय? आणि म्हणणारा म्हणावा, तर तुकोबांनी जे भोगले त्यातले याने काय भोगले?

ही शंका वरवरची नाही. कीर्तनकाराचे सारे बरेवाईट या एका ठिकाणी अडलेले असते. म्हणून थोडे शास्त्रातून जाऊ. कंटाळू नका, वाट लांब नाही.

प्रथम शब्द पाहू. संस्कृतात 'मी' या अर्थी प्रथमा विभक्ती 'अहम्'. साहजिकच वाटते की आपला 'मी' या 'अहम्'पासून निघाला असेल. तसे नाही. आपल्या दक्षिणेला कोकणी आहे, तिच्यात 'हांव' म्हणतात. आपल्या वसईच्या उत्तरेला गुजराथी आहे, तिच्यात 'हुं' म्हणतात. हे दोन्ही 'अहम्'च्या कुळातले. मराठीचा 'मी' मात्र आला 'मया' या तृतीयेपासून. 'मया' म्हणजे 'माझ्याकडून'. हिंदीचा 'मैं' त्याच घरचा. म्हणजे बघा, गुजराथी माणूस 'हुं' म्हणतो तेव्हा तो मुळातच कर्त्याच्या आसनावर बसलेला असतो. मराठी माणूस 'मी' म्हणतो तेव्हा त्याच्या शब्दाच्या पोटात 'माझ्याकडून झाले' एवढेच असते. यावरून मराठी माणूस जात्या निरहंकारी आहे असे कोणी काढू नये. तसा अनुभव निदान मला तरी नाही.

या जुन्या तृतीयेची खूण अजून आपल्या बोलण्यात आहे. 'त्याने अभंग म्हटला' यात 'त्या'ला 'ने' लागला. 'मी अभंग म्हटला' यात 'ने' लागला नाही. का? 'मी'च्या अंगात तृतीया आधीचीच आहे, तिला पुन्हा प्रत्यय कशाला? ज्ञानेश्वरीत ही तृतीया 'मियां' अशी उघड दिसते. पुढे 'म्यां' झाली. आणि क्रियापद कोणाच्या मागे जाते पाहा. मी अभंग म्हटला, मी ओवी म्हटली, मी भजन म्हटले. म्हणणारा पुरुष असो की बाई, क्रियापद त्याच्याकडे ढुंकून पाहत नाही. ते अभंगाच्या, ओवीच्या, भजनाच्या मागे जाते. आमचे गुरुजी हा प्रयोग शिकवताना म्हणत, कर्मणि प्रयोग कळला की निम्मा वेदान्त कळला. हे विनोदाने म्हणत, पण विनोद सगळाच नव्हता.

तसेच आणखी एक. मराठीत भूक मला लागते, झोप मला येते, राग मला येतो, आठवण मला होते. मी भूक करीत नाही. ही माणसाच्या अंगावरून जाणारी पाहुणी मंडळी आहेत, असेच आपली भाषा धरून चालते. ती जेव्हा 'मला'च्या ऐवजी 'मी' घेते, 'मी रागावलो' म्हणते, तेव्हा राग आपला झाला असे समजावे.

आता आपल्याच भूमीतली एक गोष्ट सांगतो, कारण 'मया'चा विषय निघाला आहे. नालासोपाऱ्याचा स्तूप १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी उकरला, आणि त्याच काळात सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा सोपाऱ्याला मिळाला. पुढे १९५६ साली भुईगावाजवळ नवव्या लेखाचा तुकडा मिळाला. हे दगड मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात आहेत. आठव्या लेखाचा विषय आपल्याला जवळचा आहे. पूर्वीचे राजे शिकारीच्या, मौजेच्या यात्रा करीत. या राजाने ते सोडून धर्मयात्रा सुरू केली, असे त्यात सांगितले आहे. पण सांगणारा स्वतः राजा असून तो 'मी' म्हणत नाही. आपले नाव आणि बिरुद घेऊन, जणू दुसऱ्या कोणाविषयी बोलावे तसे बोलतो. तोच राजा तिसऱ्या लेखात मात्र आज्ञा देताना 'मया' म्हणतो. आपल्या 'मी'चा हा पणजोबा गिरनारच्या खडकावर आजही वाचता येतो. हुकूम द्यायचा तेव्हा 'मी', आणि यात्रेला निघाल्याचे सांगायचे तेव्हा नाव. राजाच्या मनात काय होते ते राजा जाणे, पण वाचताना मला 'तुका म्हणे'ची आठवण झाली. त्याकडे पुढे येऊ.

संस्कृत व्याकरणात पुरुष तीन. 'तो' हा प्रथम पुरुष, 'तू' हा मध्यम पुरुष आणि 'मी' हा उत्तम पुरुष. पाठशाळेत हे शिकताना पोरे हसतात की 'मी' म्हणजे उत्तम! येथे 'उत्तम'चा अर्थ श्रेष्ठ नव्हे, शेवटचा. आधी तो, मग तू, आणि सर्वांच्या शेवटी मी. शाळेतल्या मराठी व्याकरणात हा क्रम नेमका उलटा झाला. तेथे 'मी' हा प्रथम पुरुष आणि 'तो' तृतीय. विद्यार्थ्यांचा यात हमखास गोंधळ होतो. मराठीचे पाणिनी म्हणून ज्यांना ओळखतात ते दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे घराणे मूळ आपल्या वसई तालुक्यातल्या तर्खडचे. त्यांचे महाराष्ट्र भाषेचे व्याकरण १८३६ साली छापले. त्यांनी मोरोपंतांच्या केकावलीवर टीका लिहिली तिला नाव दिले 'यशोदापांडुरंगी', म्हणजे आईचे आणि बापाचे. टीकेच्या नावात स्वतः कोठे नाही. व्याकरणाचा एवढा मोठा जाणकार, पण नाव ठेवताना उत्तम पुरुष खरोखरच शेवटी ठेवला.

पाणिनींनी 'अस्मद्' शब्दासाठी एक सूत्र केले आहे, पहिल्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात, एकोणसाठावे. त्याचा आशय असा की बोलणारा एक असो वा दोन असोत, त्याने स्वतःविषयी अनेकवचन वापरले तर चालते. म्हणजे एकटा माणूस 'आम्ही बोलतो' म्हणू शकतो. हे आपणही करतो. एकुलता एक मुलगा असला तरी 'आमचे वडील' म्हणतो, एकटा राहत असला तरी 'आमच्या घरी या' म्हणतो. त्यात मोठेपणा नसतो, उलट 'माझे' म्हणण्याचा संकोच असतो. पण या सूत्राला पुढे एक अपवाद जोडला आहे आणि खरी गोम तेथे आहे. 'अस्मद्'ला विशेषण लागले की ही सवलत बंद. मी देवदत्त बोलतो, मी चतुर बोलतो, असे नाव किंवा गुण लावून बोलायचे असेल तर एकवचनच घ्यावे लागते.

का बरे? वैयाकरण कारण शब्दांचे देतील. मी कीर्तनकार आहे, मला त्यात निराळेच दिसते. नाव-गुण न लावता 'आम्ही' म्हणालात तर तुम्ही समुदायात विरघळलात, ठीक आहे. पण 'मी विद्वान', 'मी अमक्याचा नातू' असे सांगायचे आहे ना? मग 'आम्ही'च्या घोंगडीखाली लपू नका, उघड्यावर 'मी' म्हणून सांगा आणि त्याची जबाबदारी घ्या. आजकाल गादीवर उभे राहून काही मंडळी म्हणतात, 'आमच्या कीर्तनाला एवढे हजार लोक होते.' शब्द अनेकवचनी, गर्व एकवचनी. मोबाईलवर हे सारे दिसते आणि पुन्हा पुन्हा दिसते. पाणिनींच्या हिशेबाने हा अपशब्द आहे.

आता मराठीचे खास धन. संस्कृतात 'वयम्' एकच. हिंदीत 'हम' एकच. आपल्याकडे दोन आहेत, 'आम्ही' आणि 'आपण'. 'आम्ही पंढरीला जाणार' म्हटले की ऐकणारा घरी राहिला. 'आपण पंढरीला जाऊ' म्हटले की ऐकणाऱ्याच्याही खांद्यावर पताका आली. गुजराथीत 'अमे' आणि 'आपणे' असाच भेद आहे. दक्षिणेत तेलुगूत 'मेमु' आणि 'मनमु', तमिळमध्ये 'नांगळ्' आणि 'नाम्'. दक्षिणी भाषांच्या शेजारामुळे आपल्याकडे हा भेद रुजला, असे अनेक पंडितांचे म्हणणे आहे. नालासोपारा-विरारकडे आता उत्तर प्रदेश-बिहारची पुष्कळ मंडळी राहतात. त्यांतला पूर्वेकडचा माणूस एकटा असतानाही 'हम' म्हणतो. सप्ताहाच्या पंगतीत असा एक भाविक मला म्हणाला, 'हम भी चलेंगे.' मी विचारले, किती जण? तो म्हणाला, 'हम अकेले.' त्याच्या 'हम'मध्ये गर्व नव्हता आणि गर्दीही नव्हती.

'आपण' हा शब्द आला आहे 'आत्मन्'पासून. प्राकृतात 'अप्पा', 'अप्पण', आणि मराठीत 'आपण'. या एका शब्दाकडे मराठीने किती कामे दिली आहेत पाहा. 'आपण जाऊ' यात तो मी आणि तुम्ही मिळून. 'आपण केव्हा आलात?' यात तो आदराचा तुम्ही. 'तो आपल्या घरी गेला' यात तो त्याचा स्वतःचा. 'आपल्याला नाही बुवा हे जमत' यात तो निव्वळ मी. मी, तू, तो, सारे पुरुष एका शब्दात, आणि त्या शब्दाचे मूळ आत्मा! अद्वैत शिकवायला याहून सोपे उदाहरण मला आजवर सापडलेले नाही. शेतावरची बाई शेजारणीला 'चल, आपण जाऊ' म्हणते तेव्हा तिला ठाऊक नसते, पण तिने आत्मा शब्द उच्चारलेला असतो.

येथे कोणी म्हणेल, मग कीर्तनकाराने सदासर्वकाळ 'आपण'च म्हणावे, प्रश्नच मिटला. तसेही नाही. आपल्या राज्यघटनेच्या प्रास्ताविकेचा मराठीतला पहिला शब्द 'आम्ही' आहे, 'आपण' नाही. कारण ती सभेतली आपापसातली बोलणी नव्हेत, जगापुढे केलेली घोषणा आहे. प्रतिज्ञा 'आम्ही'ने होते, निमंत्रण 'आपण'ने होते. तुकोबारायांनी आपण वैकुंठाहून कशासाठी आलो ते ज्या अभंगात सांगितले, तेथे 'आम्ही' आहे. ऋषींनी जे सांगून ठेवले ते वागून दाखवण्यासाठी आलो, हा त्याचा भाव. तो एकट्याचा दावा नाही, साऱ्या संतमंडळाचा आहे. आणि करुणेचे अभंग पाहा, जेथे देवाशी भांडण आहे, रडणे आहे, तेथे ते एकटे आहेत. अधिकार सांगायचा तो संतांसह, आणि दोष सांगायचे ते एकट्याने. आपण बहुधा याच्या उलट करतो. दोष 'आजकालच्या समाजाचे' आणि यश 'माझे'.

आता मुद्रेचा विचार, जो या पाठाचा गाभा आहे. अभंगाच्या शेवटी नाव येते त्याला आपण मुद्रा म्हणतो. 'तुका म्हणे', 'नामा म्हणे', 'चोखा म्हणे', 'सेना म्हणे', 'निळा म्हणे'. सबंध अभंगभर 'मी' बोलत होता; शेवटच्या चरणात तो एकदम बाजूला सरकतो आणि स्वतःकडे बोट दाखवून सांगतो की हे तुका म्हणतो. उत्तम पुरुषाचा प्रथम पुरुष झाला. छंदाचीही सोय झाली, कारण 'तुका म्हणे' ही चार अक्षरे. लहान अभंगाच्या आठ अक्षरी चरणात आणखी चार बसतात, मोठ्या अभंगाच्या सहा अक्षरी चरणात आणखी दोन. पण केवळ सोय म्हणून ही रीत सहाशे-सातशे वर्षे टिकत नाही. जो भोगतो तो 'मी', आणि जो ते भोगणे पाहून बोलतो तो 'तुका'. साक्षी निराळा झाल्यावाचून अभंग संपत नाही.

याही मुद्रांत किती परी आहेत. नाथमहाराज 'एका जनार्दनी' म्हणतात. तेथे शिष्याच्या नावाला गुरूच्या नावाचा आधार आहे, एकटा एकनाथ कोठे उभाच राहत नाही. जनाबाई नामयाची जनी. सोयराबाई आपले नावसुद्धा बाजूला ठेवून 'चोख्याची महारी' म्हणते. आणि ज्ञानोबामाऊलींनी तर कमाल केली. त्यांच्या अनेक अभंगांत 'बापरखुमादेवीवरु' अशी मुद्रा आहे. यात ज्ञानदेव कोठे आहे? नाही. रखुमादेवीचा वर विठ्ठल हा बाप, असे म्हणून बोलणारा त्या बापाच्या मागे लपला. माऊलींच्या जन्मदात्यांची नावेही विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाई, हे आपण जाणता. बाप म्हणावा तर घरातलाही तोच आणि पंढरीतलाही तोच. सही करायच्या जागी लेकराने बापाचे नाव लिहिले.

ज्ञानेश्वरीत 'मी' आला की आधी थांबून विचारावे, कोणाचा मी? तेथे मजल्यावर मजले आहेत. माऊली नेवाशाला शके १२१२ मध्ये श्रोत्यांशी बोलत आहेत, त्यांचा एक मी. ते संजयाच्या तोंडून धृतराष्ट्राशी बोलतात, तो दुसरा. संजय अर्जुनाचे बोल सांगतो, तो तिसरा. आणि भगवंताचे बोल सांगतो, तो चौथा. नवव्या-दहाव्या अध्यायात भगवंत पदोपदी 'मी' म्हणतात. तो मी साडेतीन हातांचा नाही. वाचणारा एका सुरात वाचत गेला तर श्रोत्याला कळत नाही की कोणता मजला चालू आहे. म्हणून पारायणाला बसणाऱ्या नवशिक्यांना माझे सांगणे असते की ओवीवर बोट ठेवा आणि विचारा, आत्ता बोलतो आहे कोण? एवढे साधले तरी अर्थ अर्धा उलगडतो.

आणि पसायदान! नऊ ओव्या आहेत. त्यांत 'मज' हा शब्द एकदाच येतो, पहिल्या ओवीत, मागणे सुरू करताना. मागणारा मी म्हणून तो यावाच लागतो; मागतो कोण हे देवाला कळले पाहिजे. पण मग जे जे मागितले त्यात मागणाऱ्यासाठी काहीही नाही. खळांसाठी आहे, भूतमात्रांसाठी आहे, ग्रंथ वाचणाऱ्यांसाठी आहे. शेवटी देवाने होकार दिला तेव्हा सुखी झाला तो 'मी' नव्हे, 'ज्ञानदेवो'. 'मज'ने दार वाजवले आणि आत गेल्यावर तो मज कोठे गेला ते कळलेच नाही.

आता सुरुवातीच्या शंकेकडे येऊ. अभंग म्हणताना 'मी' कोणाचा? माझे उत्तर असे की म्हणण्यात आणि निरूपणात भेद करावा. टाळकऱ्यांसह चाल म्हणताना तो 'मी' म्हणणाऱ्याचाच आहे. तुकोबांनी तो सर्वांसाठी मोकळा ठेवला आहे. आपल्याला रडता येत नाही, शब्द सुचत नाहीत, म्हणून त्यांनी शब्द करून ठेवले. ते उसने घ्यायला लाज नाही. पण निरूपण सुरू झाले, अभंगाचा अर्थ सांगायला तोंड उघडले, की त्या क्षणी कीर्तनकाराने 'तुकोबाराय म्हणतात' येथे परत यावे. गाताना मी, सांगताना ते. ही मेर सोडली की बुवा स्वतःच तुकोबा होऊन बसतो.

याची कसोटी चोखोबारायांच्या अभंगांत लागते, म्हणून त्यावर थोडे थांबतो. चोखोबा महाद्वाराबाहेर राहिले. आत जाता आले नाही. त्यांच्या अभंगांत देवाला जे विचारले आहे ते विटाळ या शब्दाभोवती आहे, आणि तेथला 'आम्ही' कोणाचा आहे यात संशय नाही. तो बाहेर ठेवलेल्यांचा आहे. आता मी ब्राह्मण पाठशाळेत शिकलेला माणूस. तो अभंग सेवेला घेतला आणि निरूपणात डोळ्यांत पाणी आणून म्हणालो की 'आम्हाला बाहेर ठेवले', तर ते खोटे आहे. बाहेर ठेवले त्यांना, आणि ठेवणारे माझे आजे-पणजे असतील. तेथे खरा शब्द कोणता? 'आपण' म्हणू? 'आपल्याला बाहेर ठेवले' हेही खोटेच. कोणी म्हणेल, संत सर्वांचे, भेद कशाला उकरता? भेद मी उकरीत नाही, तो अभंगातच आहे. 'आपण'चे पांघरूण घालून तो झाकला तर चोखोबांचे ऐकून न घेतल्यासारखे होते. पंढरीचे मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात तेथे उपोषण केले, तेव्हा दार उघडले. चोखोबांचा काळ चौदाव्या शतकाचा. मधली सहाशे वर्षे आपण तेच अभंग टाळ वाजवून म्हणत होतो. त्या 'मी'चा अर्थ आपल्या कानावर पडत होता की नव्हता?

म्हणून माझी रीत अशी. चोखोबांचा अभंग गाताना शब्दाला शब्द, सोयराबाईंची मुद्रा जशी तशी, एक अक्षर न बदलता. काही जण सोयराबाईंच्या मुद्रेतला शब्द कानाला बोचतो म्हणून 'चोख्याची सोयरा' करू पाहतात. हेतू चांगला असेल, पण तिने जे सांगितले ते बदलण्याचा अधिकार आपला नाही. ते बोचावे म्हणूनच तिने तेथे ठेवले नसेल कशावरून? मात्र निरूपणात 'चोखोबाराय म्हणतात', आणि दार बंद करणाऱ्यांविषयी बोलताना 'आम्ही'. तेथे माझा 'आम्ही' खरा आहे. एका गावी यावर कीर्तनानंतर एक वृद्ध गृहस्थ रागावले. म्हणाले, बुवा, देवळात उभे राहून आपल्याच पूर्वजांची अब्रू काढता? मी म्हटले, बाबा, अब्रू मी काढली नाही, चोखोबांनी सहाशे वर्षांपूर्वी देवापुढे फिर्याद दिली आहे. मी फक्त आरोपीच्या बाजूने हजर राहिलो. ते उठून गेले. दुसऱ्या दिवशी काल्याला मात्र आले आणि लाही घेऊन गेले. पटले की नाही ते मी विचारले नाही.

याच्या उलट प्रकार गौळण आणि विराणीचा. तेथे पुरुष संत स्त्री होऊन बोलतात. मराठीत 'मी' शब्दाला लिंग नाही, पण क्रियापद चहाडी करते. 'मी जातो' की 'मी जाते' हे लपत नाही. माऊलींच्या विराण्यांत बोलणारी विरहिणी आहे, आणि ती गाणारा बुवा मिशीवाला असतो. एका सप्ताहात सहा-सात वर्षांच्या मुलीने मला विचारले, 'बुवा, तुम्ही मघाशी बाई झाला होता का?' सारे हसले. मी म्हटले, हो गं, झालो होतो. तिला ते लगेच पटले. मोठ्यांना समजवायला तासभर लागतो. येथे 'मी' उसना घ्यायला हरकत नाही, कारण जीव आणि शिव यांच्या नात्यात आपण सारेच त्या गौळणीच्या जागी आहोत. चोखोबांच्या दुःखात आपण सारे त्यांच्या जागी नाही. हा भेद लक्षात ठेवला की कोठे 'मी' म्हणावे आणि कोठे म्हणू नये, हे आपोआप कळू लागते.

नाथांच्या भारुडांत हीच उसनवारी खेळाच्या रूपाने आहे. जोशी, गोंधळी, वासुदेव, जोहार घालणारा महार, विंचू चावलेली बाई, सर्वांच्या तोंडून नाथ 'मी' म्हणतात. पैठणच्या ब्राह्मणाने जोहाराचा 'मी' घेतला, हे चोखोबांच्या बाबतीत मी वर सांगितले त्याच्या विरुद्ध नाही का? शंका रास्त आहे. माझे उत्तर एवढेच की नाथांनी तो 'मी' बोलण्यापुरता घेतला नव्हता. त्यांच्या चरित्रात ज्यांच्या घरी जेवल्याच्या आणि ज्यांचे मूल कडेवर घेतल्याच्या कथा आहेत, त्यांच्याकडून त्यांनी तो घेतला. ज्याने उसने घेतले आणि फेडले, त्याला आपण विचारणारे कोण? आपण आधी फेडावे, मग भारूड म्हणावे.

स्वतःचे चरित्र सांगण्याची पाळी आली तर? तुकोबांनी आपली हकीकत एका अभंगात सांगितली. दुष्काळ, अन्नावाचून गेलेली बायको, बुडालेला व्यवहार, लोकांत झालेली लाज, मोडक्या देवळाची डागडुजी, एकादशीचे कीर्तन. पण सांगण्याआधी ते म्हणतात की हे बोलू नये, तुम्ही संतांनी विचारले म्हणून सांगतो. बहिणाबाईंनीही आपले आयुष्य अभंगांत सांगितले. दोघांच्याही सांगण्यात स्वतःच्या कर्तबगारीचे वाक्य शोधून काढावे लागते. झाले ते घडत गेले, देवाने घडवले. वाचकहो, हल्ली कीर्तनाच्या पूर्वरंगातच वक्त्याचा परिचय पंधरा मिनिटे चालतो, आणि उरलेला बुवा स्वतः पुरा करतात. कोणी विचारले होते?

आळंदीला विष्णुबुवा जोग महाराजांनी १९१७ साली वारकरी शिक्षण संस्था काढली. तेथून आणि ठिकठिकाणच्या पाठशाळांतून आज तरुण मुले-मुली शिकून बाहेर पडतात. त्यांच्यासाठी काही व्यवहारातल्या गोष्टी सांगतो. आरंभी 'आजच्या सेवेसाठी घेतलेला अभंग' म्हणावे. 'मी आज आपल्याला सांगणार आहे' असे म्हणू नये, कारण त्या वाक्यात 'आपल्याला' श्रोता झाला आणि 'मी' दाता झाला. उपदेश करताना 'तुम्ही' शक्यतो टाळावा. 'तुम्ही व्यसने सोडा' म्हणण्यापेक्षा 'आपण सोडू' म्हणावे. पण ज्याला व्यसन नाही त्याने खोटेच 'आपण' म्हणू नये, श्रोते हुशार असतात, ते गालात हसतात. यात्रेच्या पैशांचा हिशेब सांगताना मात्र 'मी घेतले, मी खर्चले' असे स्वच्छ एकवचनात सांगावे. तेथे 'आम्ही' आणि 'आपण' दोन्ही घातक. कार्तिक वद्य एकादशीला निर्मळची यात्रा लागते त्याच सुमारास आळंदीलाही गर्दी असते. कोणी विचारले बुवा, कोठे जाणार, तर 'आम्ही आळंदीला' म्हणताना समोरच्याला बरोबर यायचे आहे का, एवढे आधी पाहावे. कित्येक माणसे केवळ 'आपण' हा शब्द कोणी उच्चारला नाही म्हणून घरी राहतात.

जुन्या पत्रांत तर 'मी' हा शब्दच टाळण्याची खुबी होती. साष्टांग नमस्कार, विनंती विशेष, इकडील सर्व क्षेम असे लिहिले की पत्र पुरे होई, आणि शेवटी नाव. लिहिणारा 'इकडील' या शब्दात मावत असे. आता पत्रेच राहिली नाहीत, तेव्हा त्याचा विस्तार नको.

एक प्रश्न राहिला. आपण वडिलांना 'तुम्ही' म्हणतो, गुरूंना 'आपण' म्हणतो, पाहुण्याला 'आपण' म्हणतो, आणि ज्याच्यापुढे हे सारे लोटांगण घालतात त्या पांडुरंगाला मात्र 'तू' म्हणतो, प्रसंगी 'अरे' म्हणतो. असे का? त्या मध्यम पुरुषाचा विचार पुढील अंकी करू.